नदीकडचं दार

नोकरीच्या मुलाखतीत मला आतापर्यंत तीनदा एकच प्रश्न विचारला गेलाय. "कॉलेजमध्ये अभ्यासाव्यतिरिक्त काय केलंत, आणि त्यातून काय शिकलात?"

तिन्ही वेळा मी एकच उत्तर दिलं. नाटक केलं. आधी बुजरी होते, चार लोकांत नाव सांगतानाही घसा कोरडा पडायचा. नाटकानं आवाज दिला, वेळ पाळायला शिकवलं, दुसऱ्याचं दुःख समजून घ्यायला शिकवलं. शेवटच्या वाक्याला समोरचे हमखास मान डोलावतात. तिसऱ्या वेळी मात्र ते वाक्य बोलताना मला माझाच आवाज ऐकू आला. तो स्टेजवरचा होता. जिथं थांबलं की परिणाम होतो, बरोबर तिथं थांबत होता.

ते उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मुलाखतीत सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितेय.

मंडईतून कॉलेजात

मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडे नाटक शिकायला कॉलेजात जावं लागत नाही, ते दिवाळीनंतर आपणच गावात येतं. धान कापून झालं की मंडया सुरू होतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात आणि इथल्या रंगभूमीचं नावही तेच. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं केंद्र. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या पुष्कळ लोकांनी 'झाडीपट्टी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आम्ही तो घोंगडीत गुंडाळून, आईच्या मांडीवर पेंगत, पहाटेच्या शेवटच्या अंकापर्यंत ऐकलेला होता.

पण पाहणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. माझे वडील शिक्षक. घरात झाडीबोली बोललेली त्यांना चालत नसे. या बोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. डोळ्याचा 'डोरा' होतो आणि पाण्याचं 'पानी'. मी 'पानी' म्हटलं की बाबा पेला पुढं करायचे नाहीत. त्यामुळे माझं मराठी स्वच्छ झालं आणि मी गप्प झाले. चुकायला नको म्हणून बोलायचंच नाही, हा माझा बारावीपर्यंतचा नियम.

कॉलेजात पहिल्या वर्षी मैत्रिणीनं ओढत नेलं म्हणून मी सांस्कृतिक विभागाच्या खोलीत गेले. युवक महोत्सवाची तयारी चालली होती. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे : संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे पाच विभाग, एकांकिकेला तीस मिनिटं, स्किटला दहा. वेळ ओलांडली की गुण कापले जातात. कुणाला तबला येतो, कुणाला रांगोळी, कुणाला नकला. मला काहीच येत नव्हतं, म्हणून मला पडदा ओढायला ठेवलं.

एक वर्ष पडदा ओढला. त्या वर्षात मी जे शिकले ते आजही मला खरं वाटतं. पडदा ओढणाऱ्याला सगळं नाटक पाठ लागतं. कोण कुठं अडखळतो, कुणाला कुणाच्या नजरेचा आधार लागतो, हे विंगेतून दिसतं. दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं असतं, हे तिथं कळलं. घरी आम्ही कुणीच कुणाचं वाक्य संपू देत नव्हतो. पुढच्या वर्षी एक मुलगी आजारी पडली आणि मला तिची चार वाक्यं मिळाली. ती बोलले तेव्हा मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. आपला आवाज इतका लांब जातो, हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं.

इथपर्यंत सगळं मुलाखतीत सांगण्यासारखं आहे.

धरणाचं नाटक

तिसऱ्या वर्षी आम्ही धरणग्रस्तांवर एकांकिका बसवली. विषय शोधायला लांब जायची गरज नव्हती. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द आहे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. मधल्या आणि नंतरच्या वर्षांत गावंच्या गावं उठली. आमच्या वर्गात पुनर्वसनाच्या गावठाणातून येणारी मुलं होती. हजेरीपटावर त्यांचं गाव एक असायचं आणि बोलण्यात दुसरं.

मला पहिल्या वर्षी ओढत नेणारी मैत्रीण त्यांच्यातलीच. नाटकात एक म्हातारी होती, गाव सोडायला तयार नसलेली. ती कशी बसेल, कशी बोलेल हे पाहायला आम्ही चौघं एका रविवारी मैत्रिणीच्या घरी गेलो. तिची आजी ओसरीत तांदूळ निवडत होती. आम्ही विचारत होतो, ती उत्तरं देत होती. घर, बांधी, मोहाची झाडं, मोबदला, सगळं बाजारभाव सांगावा तसं सांगत होती.

मधेच तिनं नातीला हाक मारली. "नदीकडचं दार लाव वो, धूर येते."

मी बाहेर पाहिलं. त्या दारासमोर डांबरी रस्ता होता. नदी तिथून मैलोन्‌मैल लांब आणि भलत्याच दिशेला. मैत्रीण सहज म्हणाली, "जुन्या घरी पूर्वेचं दार नदीकडे होतं. इथंही ती त्याला तेच म्हणते. आता आम्हीपण म्हणतो."

माझ्या अंगावर काटा आला. त्याच क्षणी दुसरीही एक गोष्ट झाली आणि तीच मी कधी कुणाला सांगितली नाही. मनात आलं, हे नाटकात घ्यायचं. काटा आधी आला की हिशोब आधी, हे आजही मला नक्की सांगता येत नाही.

भूमिकेसाठी दोघींनी वाचन केलं, मी आणि मैत्रीण. ती वाचताना आजीसारखीच बोलली, सपाट, बाजारभाव सांगावा तसं. दिग्दर्शक सर म्हणाले, "भाव येत नाहीय." मी वाचताना 'नदीकडचं दार' या शब्दांवर थांबले आणि माझे डोळे भरले. भूमिका मला मिळाली. मैत्रिणीला संहिता हातात घेऊन विंगेत प्रॉम्प्टिंगला उभं केलं. झाडीबोलीचे हेल तिनंच मला शिकवले. ज्या बोलीसाठी तिला तोंडी परीक्षेत बोलणी बसत होती, ती बोली मी रंगमंचावर बोलून टाळ्या घेणार होते.

नागपूरच्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमची एकांकिका झाली. शेवटी म्हातारी, म्हणजे मी, पाण्याकडे तोंड करून दाराच्या चौकटीला मिठी मारते आणि हंबरडा फोडते. सभागृह रडलं. मला अभिनयाचं बक्षीस मिळालं. परतीच्या गाडीत सगळे गात होते. मैत्रीणही गात होती.

दोन वाक्यं

बक्षीस मिळालं म्हणून स्नेहसंमेलनात पुन्हा प्रयोग लावला. मैत्रीण आजीला एसटीनं घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसवलं. प्रयोगानंतर मी मेकअपसकट धावत गेले. पाया पडले. खरं सांगायचं तर मला तिचे पाणावलेले डोळे पाहायचे होते.

ते कोरडे होते. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बेस केली तू. पन मी अशी नाई रडत वो बाई."

मग थोडं थांबून, खरंच कळलं नाही म्हणून विचारावं तसं, "आन गावाचं नाव कायले नाई घेतलं? नाव नाई घेतलं त लोकायले कसं मालूम होईल?"

आमच्या नाटकात गावाला नाव नव्हतं. 'एक गाव' होतं. सर म्हणाले होते, नाव दिलं तर ते एका गावाचं नाटक होईल, नाव काढलं तर सगळ्यांचं होईल. तेव्हा ते आम्हा सगळ्यांना पटलं होतं.

त्या रात्री मला राग आला, स्वतःचा नव्हे, आजीचा. तिला नाटक कळलं नाही, असं मी ठरवून टाकलं. मैत्रिणीशी भांडण झालं नाही. ती पुढं तालमींना आली नाही, एवढंच. मीही विचारलं नाही.

रडून झालं की

जिनिव्हाचा विचारवंत रूसो यानं १७५८ साली दालांबेर या आपल्या मित्राला एक लांबलचक पत्र लिहिलं, नाटकगृहांच्या विरोधात. त्यातला एक मुद्दा मला खूप उशिरा वाचायला मिळाला आणि चपराक बसल्यासारखं झालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : रंगमंचावरच्या दुःखासाठी रडताना आपण माणुसकीचं सगळं देणं चुकतं केल्यासारखं समाधान मिळवतो, आणि त्यासाठी पदरचं काहीच द्यावं लागत नाही. खरा दुःखी माणूस समोर आला तर तो वेळ मागेल, पैसे मागेल, आपली सोय मोडेल. नाटकातला काहीच मागत नाही.

हे प्रेक्षकांबद्दल आहे, पण नटाला जास्तच लागू पडतं. प्रेक्षक निदान तिकिटाचे पैसे मोजतो. मला तर त्या दुःखाचं बक्षीस मिळालं होतं.

आपल्याकडची बाजू वेगळी आहे. रसाची चर्चा करताना भट्टनायकानं 'साधारणीकरण' हा शब्द दिला, अभिनवगुप्तानं ती चर्चा पुढं नेली. नाटकातलं दुःख अमक्याचं किंवा तमक्याचं राहत नाही, ते माझं नाही, शत्रूचं नाही, परक्याचंही नाही, असं मोकळं झालं तरच त्याचा रस होतो. आमच्या सरांनी हे पुस्तकातून घेतलं नसेल, पण ते म्हणत होते ते हेच. नाव काढा, म्हणजे सगळ्यांचं होईल.

आणि हे खोटं नाही. शोक फक्त ज्याचा त्यानंच दाखवायचा असं ठरवलं तर नाटकच संपेल. आमच्या दंडारीत वर्षानुवर्षं पुरुष बायांची कामं करत आलेत. कुणी राजाचं काम करतो आणि सकाळी शेतात कामाला जातो. दुसऱ्याच्या जागी उभं राहायची ही मुभा नसती, तर मी आजही पडद्याची दोरी धरून गप्प उभी असते. "तुझं दुःख नाही ना, मग तू बोलू नकोस" हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटतं, पण त्यातून शेवटी प्रत्येक जण आपापल्या घरात दार लावून बसेल.

मग माझं चुकलं कुठं?

याचं उत्तर मला जवळच्याच एका माणसाकडे सापडलं, तेराशे वर्षांपूर्वीच्या. भवभूती हा संस्कृत नाटककार पद्मपूरचा. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. आमगाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे, पण १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होतं. म्हणजे एका अर्थानं भवभूती आमचा गाववाला.

त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात नाटकात नाटक आहे. वाल्मीकीनं ते रचलंय, अप्सरा ते करतायत, आणि प्रेक्षकांत बसलाय खुद्द राम. रंगमंचावर टाकून दिलेल्या सीतेचे हाल दाखवले जातात. हे नाटक आहे, याचं रामाला भान राहत नाही. लक्ष्मण त्याला आठवण करून देतो, तरीही तो शेवटी मूर्च्छित पडतो. त्याला शुद्धीवर आणायला येते ती खरी सीता.

मी हे वाचलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, भवभूतीनं पहिल्या रांगेत अशा माणसाला बसवलं ज्याचा त्या दुःखात हात होता. त्या नाटकात 'एक राजा', 'एक राणी' नाही. नावं आहेत. दोन, नाटकातली सीता कितीही चांगली वठली तरी तिच्यावर गोष्ट संपत नाही. खरी सीता यावी लागते.

आमच्या प्रयोगालाही खरी आजी आली होती. आणि मी तिच्यावर रागावले होते.

माझ्या वाटचं पाणी

इथं मला आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या मामाचं शेत ब्रह्मपुरी तालुक्यात आहे. तिथं गोसेखुर्दच्या उजव्या कालव्याचं पाणी येतं. आधी पावसाच्या भरवशावर असलेलं धान आता वेळेवर पिकतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझी फी मामानं भरली होती.

म्हणजे त्या गोष्टीत मी म्हातारी नव्हतेच. माझी खरी भूमिका दुसरीच होती आणि ती आमच्या संहितेत नव्हती. आमच्या नाटकात सरकार होतं, साहेब होते, पाणी होतं. ते पाणी पुढं कुणाच्या बांधीत गेलं, याबद्दल तीस मिनिटांत एक शब्द नव्हता. मी म्हातारीच्या जागी उभी राहिले आणि माझी स्वतःची जागा रिकामी राहिली. कुणाच्या ती लक्षातही आली नाही, माझ्याही नाही.

मला वाटतं, चूक ही होती. मी दुसऱ्याचं दुःख घेतलं म्हणून ती चूक नव्हती. ते घेताना मी स्वतः कुठं उभी आहे हे लपवलं. आणि रडून त्या दुःखाला माझ्या मापाचं केलं. आजी रडत नव्हती ते तिच्यात भाव नव्हता म्हणून नव्हे. चाळीस कागद, सतरा खेटे आणि एक नवं घर सांभाळायचं तर रडणं परवडत नाही. तो सपाट आवाज हाच तिचा भाव होता. मैत्रिणीनं वाचताना तोच आणला होता आणि आम्हाला तो ऐकू आला नाही, कारण आम्हाला टाळ्यांची जागा हवी होती.

आता नव्या शैक्षणिक धोरणात सांस्कृतिक उपक्रमांना श्रेयांक मिळतात. चांगलंच आहे. पडदा ओढणाऱ्या मुलीलाही ते मिळावेत. पण वाढ मोजायची आपली सवय अशी आहे की आपल्यात काय भर पडली तेवढंच मोजलं जातं. धीटपणा, बोलणं, संघभावना, सगळं जमेच्या बाजूला. कुणाकडून काय घेतलं याचा रकाना त्या प्रमाणपत्रावर नसतो. मोठं होणं म्हणजे तो रकाना स्वतःच्या हातानं आखणं, असं मला आता वाटतं. मला ते नाटक करताना जमलं नाही. पण नाटक केलं नसतं तर ते जमलं नाही हेही कळलं नसतं. म्हणून मी कॉलेजच्या त्या खोलीची ऋणी आहे.

पुन्हा त्या ओसरीत

तिसऱ्या मुलाखतीनंतर मी मैत्रिणीला फोन केला. इतक्या वर्षांनी. मी बरीच तयारी केली होती. ती म्हणाली, "मला भूमिका मिळाली नाही याचं वाईट वाटलं होतं ग, पण ते गेलं. आजी काय म्हणाली ते तू ऐकून घेतलं नाहीस, ते नाही गेलं."

या महिन्यात मी तिच्या घरी जाऊन आले. हा लेख लिहिणार आहे, गावाचं नाव लिहू का, असं विचारलं. मैत्रीण म्हणाली, नको. नाटकात हवं होतं, समोर आपलीच माणसं होती. इथं कुणीही वाचेल, दोन मिनिटांत घर शोधून काढेल. म्हणून नाव लिहिलेलं नाही. तेव्हा नाव घ्यायला हवं होतं आणि आता घ्यायचं नाही. दोन्ही मला आपलं आपण ठरवता आलं नसतं.

आजी आता कमी ऐकते. मी जवळ बसून, मोठ्यानं, मामाच्या शेताचं सांगितलं. कालव्याचं, माझ्या फीचं. ती रागावेल किंवा माफ करेल, असं काहीतरी मनात धरून बसले होते. तिनं दोन्ही केलं नाही.

"येते ना पानी? मंग बेस झालं. कोनाले त भेटलं," ती म्हणाली. आणि लगेच, "एकरी किती पोते होतात?"

मला माहीत नव्हतं. मामाच्या धानावर शिकले आणि हे मी कधी विचारलं नव्हतं. तिच्यासमोरच फोन लावला. मामानं आकडा सांगितला, मी तो तिच्या कानाशी ओरडून सांगितला. तिनं डोळे मिटून हिशोब केला.

"आमच्या बांधीत याच्याहून जास्त होत होते," ती म्हणाली, बाजारभाव सांगावा तसं. मग नातीला म्हणाली, "हिले चहा दे. आन ते नदीकडचं दार उघड, वारा येऊ दे."